आमची मास्तरीण आजी आणि तिची पेटी

मंडळाच्या खोलीत उजव्या कोपऱ्यात, चटयांच्या चळतीशेजारी एक जुनी बाजाची पेटी आहे. तिचे दोन सूर मुके आहेत आणि भात्याला एके ठिकाणी सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावलेले आहे. नव्या सभासद भगिनी मला नेहमी विचारतात, "ताई, ही पेटी कोणाची हो?" दर वेळी मी "आमच्या आजीची" एवढेच सांगून पुढच्या कामाला लागते. यंदा मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी काही लिहा, असा अध्यक्षाबाईंनी आग्रह केला. मी सातवी शिकलेली बाई, मला लेख लिहिता येतो असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पेटीची हकीकत एकदा नीट सांगावी असे मनात होते, म्हणून लेखणी हाती घेतली आहे. भगिनींनी चुकभूल पोटात घालावी.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. तिचा जन्म १९२८ सालचा, इंदोऱ्यातला. वस्तीत तिला कोणी नावाने हाक मारीत नसे, लहानथोर सगळे "मास्तरीणबाई" म्हणत. पण आजीची गोष्ट सांगायची तर आधी दुसऱ्या एका बाईंची सांगावी लागते. त्यांच्यावाचून आजी मास्तरीण झालीच नसती.

त्या बाई म्हणजे जाईबाई चौधरी. त्यांचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. दुष्काळामुळे त्यांचे आईवडील नागपुरास आले. जाईबाई थोडे लिहावाचायला शिकल्या, तोच १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले आणि शाळा सुटली. पुढे पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहण्याचे काम केले. अशा हमाल बाईला वाचता येते हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी पाहिले आणि त्यांना महिना चार रुपये पगारावर मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमले. परंतु अस्पृश्य बाई शिकवते म्हणून वरच्या जातींच्या पालकांनी हरकत घेतली आणि जाईबाईंची ती नोकरी गेली. दुसरी एखादी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. जाईबाईंनी १९२२ च्या सुमारास इंदोऱ्यात मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले.

ह्या शाळेत १९३४ साली माझ्या आजीने पाटी धरली.

आजीच्या घरी तेव्हा वारकरी वळण होते. तिचे वडील दिवसा मजुरी करीत आणि रात्री एकतारी घेऊन भजनास बसत. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, ह्या एकाच घरातल्या पाच माणसांचे अभंग आजीला अक्षरओळख होण्याआधीच पाठ होते. चोखोबा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. त्यांना पंढरीच्या देवळाबाहेर राहावे लागले आणि समाधीही पायरीशीच मिळाली. हे सांगताना आजीचे वडील रडत. आजी म्हणे, "बाप रडे, पन सुरातून हटे नाही."

गाणे ती शिकली ते एवढेच. आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यासारखे गुरू त्या काळी मुलांना तालीम देत होते. वसंतराव देशपांडे आणि पुढे सिनेमात नाव काढलेले सी. रामचंद्र हे दोघे त्यांच्याकडेच शिकले. पण संगीत विद्यालयाची फी आमच्या घरच्यांना झेपण्यासारखी नव्हती. आजीचे विद्यालय म्हणजे तिच्या बापाची एकतारी.

चौथी झाल्यावर आजीची शाळा सुटली आणि ती आईबरोबर विड्या वळायला बसू लागली. दोन वर्षे अशी गेली. पुन्हा शाळेत घातले तेव्हा ती वर्गात सर्वांत थोराड होती, आणि सहावीत असताना तिचे लग्न ठरले. अशात १९४२ चा जुलै महिना आला. १८ ते २० जुलै या दिवसांत नागपुरात मोहन पार्कवर दलित वर्गाची मोठी परिषद भरली होती. २० तारखेला स्त्रियांची निराळी परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या आणि वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. नवऱ्याशी पटत नसेल तर काडीमोडाचा हक्क असावा, एका पुरुषाने अनेक बायका करू नयेत, गिरणीतल्या आणि विडीच्या कामावरच्या बायांना रजा मिळावी, असे ठराव तेथे झाले. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या आज्या-पणज्यांनी काय काय मागितले होते ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

त्या परिषदेत बाबासाहेबांचे भाषण झाले. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचे ते बोलले. मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असेही सांगितले. आजी आईच्या मांडीला मांडी लावून बसली होती. ती म्हणे, "मले वाटलं, बाबासाहेब मायाच बापाशी बोलून राह्यले." बाप त्या गर्दीच्या कडेला उभा होता. घरी येऊन त्याने व्याह्याला निरोप धाडला की, पोरगी सातवी होईपर्यंत लग्न नाही. व्याही रागावला आणि सोयरीक मोडली. आजी मात्र १९४४ साली मराठी सातवी पास झाली.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी मराठी सातवी म्हणजे लहान परीक्षा नव्हे. सातवी पास झालेल्यास प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे आणि पुढे नॉर्मल स्कूलचे शिक्षण झाले म्हणजे नोकरी पक्की होई. आजी वयाच्या सतराव्या वर्षी पगार घरी आणू लागली. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झाले, तेही नोकरी सोडणार नाही ह्या अटीवर.

आजीचे शिकवणे गाण्यातून असे. पाढे तर सगळेच मास्तर तालावर म्हणवून घेत, पण आजीने प्रत्येक पाढ्याला आपली स्वतंत्र चाल लावली होती. बेचा पाढा भजनाच्या ठेक्यात, सातचा जरा संथ, कारण तो मुलांना अवघड जातो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे ती जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणवून घेई. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि बाजारात पावकी-निमकीचे काम उणे होत गेले. शाळेतून ते पाढे हळूहळू गेले, पण आजीने सोडले नाहीत. तिचे म्हणणे असे की, दूधवाल्याला सव्वा शेराचा हिशेब ज्या बाईला तोंडी येतो तिला कोणी फसवीत नाही.

पेटी तिच्याकडे आली ती अपमानातून. १९५२ च्या सुमारास तिची बदली एका शाळेत झाली. शाळेचे नाव मी घेत नाही. तेथे प्रार्थनेसाठी पेटी होती. पहिल्याच दिवशी आजी ती उघडू लागली तशी एक बाई म्हणाल्या, "तुम्ही नका हात लावू, सरस्वतीच्या पूजेला मांडतो आम्ही ती." देशाची घटना लागू होऊन दोन वर्षे झाली होती आणि तीत अस्पृश्यता बंद केलेली होती, तरी हे असे. आजी काही बोलली नाही. आधी १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले तेव्हा जाईबाईंना जेवणाच्या वेळी निराळे बसविले होते. त्याच्या निषेधासाठी १ जानेवारी १९३८ रोजी आमच्या स्त्रियांनी मोठी सभा घेतली. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती आणि त्या सभेच्या गोष्टी तिने मोठ्या बायांच्या तोंडून ऐकल्या होत्या. ती म्हणे, "जाईबाईनं शाळाच काढली. मले शाळा काढता येत नव्हती, मी पेटी घेतली."

ही पेटी तिने इतवारीतून जुनी विकत घेतली, पगारातून हप्त्याहप्त्याने. दर शनिवारी ती स्वतः डोक्यावरून शाळेत नेई आणि परत आणी. आजोबा थट्टेने म्हणत, जाईबाईंनी कामठीचे ओझे वाहिले, तू पेटीचे वाहा. वर्षभराने त्या दुसऱ्या बाईच म्हणाल्या की, रोज कशाला नेता-आणता, येथेच ठेवीत जा. आजीने ठेवली नाही.

आजीला रेडिओचेही फार वेड. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्याकडे रेडिओ नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलासमोर भाजी निवडण्याचे निमित्त काढून ती उभी राही. हिराबाई बडोदेकरांचे गाणे लागले म्हणजे भाजी निवडायची राहून जाई. आकाशवाणीने १९४० पासून पेटी बंद केली होती, पेटीत आपल्या रागांचे बारीक सूर लागत नाहीत असे जाणत्यांचे मत होते. ती बंदी पुढे १९७० नंतर सैल झाली. आजीला हे मुळीच पटले नव्हते. ती म्हणे, "पेटीलेबी वाळीत टाकते का हे लोक?"

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगते. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. आजी, आजोबा आणि दोन वर्षांचे माझे वडील पांढरे कपडे घालून दीक्षेच्या मैदानावर गेले. भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा देऊन दीक्षा दिली. आज तेथे स्तूप आहे, तेव्हा मोकळे मैदान होते. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव विसर्जन झाले. आजीने सर्व आनंदाने केले. परंतु देव्हाऱ्याबरोबर भजनेही गेली. आजीच्या वडिलांनी एकतारी भिंतीला टांगली ती पुन्हा उतरविली नाही. देवाच्या पायरीशी उभे राहून आर्जव करणारी गाणी आता आपण म्हणायची नाहीत, असे वस्तीने ठरविले आणि ते योग्यच होते असे आजीचे मत होते. पावणेदोन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या रात्री वस्तीत चुली पेटल्या नाहीत. रडायला बसलेल्या बायांना म्हणायला गाणे राहिले नव्हते.

मग आजीने त्याच चालींवर नवे शब्द बसविले. बुद्धाचे, बाबासाहेबांचे, शाळेचे. असे तिने एकटीनेच केले असे नाही, महाराष्ट्रात सगळीकडे भीमगीते अशीच उभी राहिली. वामनदादा कर्डकांसारखे मोठे कवी-गायक गावोगाव गाऊ लागले. आजी म्हणे, "चाल कोनाच्या बापाची नसते वो. शब्द आपले पाहिजे." बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे ती प्रत्येक नव्या वर्गाला सांगे.

१९८६ साली आजी निवृत्त झाली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मला पाढे, बाराखडी, कविता सर्व तिनेच शिकविले. मी शिकून मास्तरीण व्हावे असे तिच्या मनात होते, आणि माझ्याही.

१९९३ च्या एप्रिलात मी सातवी पास झाले आणि जूनमध्ये आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. त्याच वर्षी वडिलांची गिरणीतली नोकरी सुटली होती. आई मजुरीला जाऊ लागली. माझ्या पाठचे दोघे भाऊ लहान. आजीचे अंथरूण-पांघरूण, खाणे-पिणे बघायला घरी कोणीतरी पाहिजे होते. वडील मला म्हणाले, "एक वर्ष, बाई. पुढच्या वर्षी तुले टाकतो." ते एक वर्ष सहा वर्षे चालले. वडिलांना मी दोष देत नाही. परंतु शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येई, आणि मी दार लावून घेत असे, हे लपवीत नाही.

आजीला माझी शाळा सुटल्याचे कळले तेव्हा ती डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवी, माझ्या दप्तराकडे दाखवी आणि घशातून नुसता आवाज काढी. मी समजून न समजल्यासारखे करी. मी तिच्यावर रागावले होते. जिने सर्व वस्तीच्या पोरी शिकविल्या तिच्याचमुळे माझे शिक्षण राहिले, असे मला वाटे. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरे काय वाटणार?

एके दुपारी मी तिला भात भरवीत होते. ती तोंड उघडीना. वैतागून मी सहज बेच्या पाढ्याची तिची चाल गुणगुणले. आणि आजी गाऊ लागली! "बे एके बे, बे दुणे चार" स्पष्ट, अक्षर न् अक्षर, विसापर्यंत. पाणी हा शब्दही जिला उच्चारता येत नव्हता ती पाढा म्हणत होती. माझ्या हातातली ताटली खाली पडली. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले की, बोलण्याचे केंद्र बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि तिच्या त्याच भागाला इजा झाली होती. गाण्याचे काम मात्र उजवा भागही पुष्कळ करतो, म्हणून कित्येक रोग्यांची वाचा जाते पण गाणे राहते.

त्या दिवसापासून आमची शाळा पुन्हा सुरू झाली. मी पेटीचा भाता हालवायची आणि ती डाव्या हाताने सूर दाबायची. पाढे झाले, पावकी-दिडकी झाली, कविता झाल्या. पाणी हवे असले म्हणजे ती पाण्याच्या कवितेची ओळ म्हणे. माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही.

आणि एके संध्याकाळी तिने एक गाणे सुरू केले, ते मी कधी ऐकलेच नव्हते. ते सोयराबाईचा अभंग होता. सदतीस वर्षे जो तिच्या तोंडून निघाला नव्हता, तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत निघाला. तिच्या बापाच्या चालीत. वडील ओसरीवर बसले होते. ते उठले आणि शेजारी ऐकतील म्हणून त्यांनी दार ओढून घेतले. मास्तरीणबाईंच्या घरात अभंग चालतो असे कोणी म्हणू नये, ही त्यांची काळजी. आजी थांबली नाही. वडील बराच वेळ दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणू लागली तेव्हा त्यांनी दार उघडेच राहू दिले.

भगिनींनो, यावरून आजी धम्म विसरली असे कोणी समजू नये. बुद्धवंदना ती रोज सकाळी म्हणे, तीही सुरातच. पण बापाचा आवाज तिच्या आत कोठेतरी शिल्लक होता, तो मोडला नव्हता. चोखोबाच्या घरच्या बाईने सहाशे वर्षांपूर्वी स्वतः रचलेले शब्द आमचेही आहेत, एवढेच मला त्यावरून समजले.

आजी १९९९ च्या फेब्रुवारीत गेली. त्यानंतर माझे लग्न झाले आणि माहेरहून मी भांड्यांऐवजी ही पेटी मागून घेतली. मंडळ सुरू झाले तेव्हा येथे आणून ठेवली. संध्याकाळी आपल्या खोलीत पाढे म्हणायला येणाऱ्या मुलांना मी ज्या चाली शिकविते, त्या आजीच्याच होत.

आजीच्या सातवीने तिला शाळेत नेले, माझ्या सातवीने मला घरात ठेवले. परीक्षा एकच, काळ निराळा. हे शल्य पुष्कळ वर्षे मनात होते. यंदा माझ्या मुलीने खटपट करून माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घरी अभ्यास करून दहावीला बसणार. इंग्रजीची धास्ती वाटते, गणिताची मुळीच वाटत नाही.

जाता जाता एक विनंती. पेटीचे दोन सूर मुके आहेत, ते दुरुस्त करून घेण्याची बाब पुढल्या सभेत निघेल तेव्हा सर्वांनी पाठिंबा द्यावा. आणि जिला पेटी शिकायची असेल तिने बुधवारी दुपारी यावे. भाता मी हालवीन.